उमरेडच्या प्रमिलाकाकू

“सर, तुमचं स्वतःचं गाणं कुठलं?”

प्रश्न माझा नव्हता. निकिता आणि आफरीननं तो माझ्या गळ्यात घातला होता. मी उठून विचारलं तर आठवडाभर माझं दप्तर त्या उचलणार, नाही विचारलं तर मी दोघींना सगळ्या शाळेसमोर ‘ताईसाहेब’ म्हणणार, अशी पैज होती. तेव्हा मी दहावीत होते आणि वर्गात हजेरीपलीकडे माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. घरात मात्र मी भांडी घासताना गायचे, दळण आणताना गायचे, आंघोळीला गेले की आई बाहेरून सांगायची, अंतरा राहू दे, पाणी संपलं.

वडशाच्या एका मंगल कार्यालयात तो वर्ग भरायचा. लग्नं नसली की हॉल रिकामाच असतो. बाहेर फ्लेक्स लावला होता : ‘उगवत्या गायक-कलाकारांसाठी प्रसिद्धी आणि डिजिटल मार्केटिंगचे धडे, दर रविवारी. मार्गदर्शक : पियूष सर, नागपूर.’ समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमच्या गावचे सगळे गळे बसलेले. भजनी मंडळाचे दोन बुवा, नाटकात गाणाऱ्या रंजनाताई, ऑर्केस्ट्रातला एक दादा, जो घरातही गॉगल काढत नाही असं आफरीन म्हणायची, आणि शेवटच्या रांगेत आम्ही तिघी. आफरीन गायची, मी गायचे. निकिताला एक सूर धड लागत नव्हता, पण मी जिथे जाईन तिथे ती असायचीच, पहिलीपासून.

माझा प्रश्न संपला. सरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता बाहेर काढतात.

“नाव काय बेटा?”

“चैताली दोनाडकर.”

“चैताली, एवढ्या गावांत वर्ग घेतले, हे मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर शेवटच्या रविवारी देईन. विसरलो तर आठवण कर.” मग हॉलकडे वळून म्हणाले, “हिच्यासाठी टाळ्या वाजवा. जो प्रश्न विचारतो, त्याचा चेहरा लक्षात राहतो. प्रसिद्धीचा पहिला धडा झाला आपला.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गॉगलवाल्या दादानंसुद्धा. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते, आणि त्या दिवसानंतर मला गप्प बसवणं कुणाला जमलं नाही. गणिताच्या सरांना विचारा.

दर रविवारी आम्ही नवीन काहीतरी शिकायचो. गाण्याचे पहिले तीन सेकंद म्हणजे घराचा दरवाजा, तिथेच माणूस थांबतो नाहीतर पुढे जातो. आलाप नंतर, ओळ आधी. चेहऱ्यावर उजेड पाहिजे. वार ठरवून गाणं टाका, म्हणजे लोक वाट बघतात. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, नुसतं हात जोडलेलं चित्र नको. आणि गाण्यामागची गोष्ट सांगा, कारण सूर सगळ्यांकडे असतात, गोष्ट ज्याची त्याची असते. मी घरी येऊन हे सगळं बाबांना सांगायचे आणि ते जेवता जेवता मान हलवायचे.

माझे बाबा म्हणजे भोंगेवाले मोरूभाऊ. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात, रात्रभर चालतात, आणि कंपन्यांची ऑफिसं सगळी वडशात. त्या नाटकांची जाहिरात बाबा ऑटोवर दोन भोंगे बांधून करत फिरायचे. नाटकं नसली की कापडाच्या दुकानाचा सेल, पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस. “म्हणजे तुझे सर आणि मी एकाच धंद्यातले,” ते म्हणाले. “आमच्यात फक्त पेट्रोल जास्त लागते.”

निकिताला सर तिसऱ्या की चौथ्या रविवारी म्हणाले, तू गात नाहीस ना, तुला मी वेगळं काम देतो. काय काम, ते तिनं सांगितलं नाही. सरांच्या लॅपटॉपचं बघायचंय, एवढंच म्हणाली. मी विचारलंही नाही. माझं चॅनल नुकतंच सुरू झालं होतं आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

पहिलं गाणं टाकलं त्याला आफरीननं हृदय दिलं, मामानं अंगठा दिला. दोन दिवस आणखी काही नाही. तिसऱ्या दिवशी कमेंट आली. नाव : प्रमिला वैरागडे, उमरेड. फोटोच्या जागी लाल जास्वंद.

‘पोरी, पाय मोडून खाटेवर पडून आहे. तुझं गाणं चारदा ऐकलं. दुसऱ्या कडव्यात तू घाबरलीस, तिथे मला माझी मुलगी आठवली. घाबरू नको. अजून गा.’

मी ती कमेंट आईला वाचून दाखवली, बाबांना वाचून दाखवली, शेजारच्या नाकाडे आजींना ओरडून वाचून दाखवली, कारण त्यांना कमी ऐकू येतं. शाळेत निकिताला दाखवली. तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, “खरंच घाबरली होती तू दुसऱ्या कडव्यात.”

“तू तर तेव्हा काही नाही बोलली.”

“बोलली होती. तू ऐकलं नाही.”

नंतर प्रत्येक गाण्याखाली जास्वंद आली. बाकीचे लोक ‘मस्त’, ‘एक नंबर’ लिहायचे. काकू लिहायच्या, आज सर्दी होती का? काकू लिहायच्या, हे गाणं तुझ्या गळ्याचं नाही, कुणाची तरी नक्कल करतेस. मी रागावले, पुन्हा ऐकलं, आणि ते गाणं काढून टाकलं. हळूहळू मी त्यांना खाजगीत मेसेज करायला लागले. त्यांना मुलगा होता, तो घरी कुणी आलेलं खपवून घ्यायचा नाही, म्हणून भेटायचं नाही असं ठरलं होतं. आई रोज विचारायची, त्या बाईचा पाय कसा आहे. एका शनिवारी ती मारुतीला त्यांच्या नावानं तेलही वाहून आली.

एकदा काकूंनी लिहिलं, ‘सिनेमाची गाणी सगळेच गातात. तुझ्या आईकडे रोवणीची गाणी असतील, ती घे.’

आईकडे होती. तिच्या माहेरी भाताची रोवणी लागली की बायका चिखलात वाकून गायच्या. आईनं आधी नको नको केलं, मग पोळ्या लाटता लाटता म्हणून दाखवलं :

‘बांधी भरली पाण्यानं, बाई, पऱ्हे लावू किती
माहेराचं पाखरू गं, बसलं धुऱ्यावरती’

बांधी म्हणजे खाचर, पऱ्हे म्हणजे भाताची रोपं, धुरा म्हणजे बांध, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. मी गाऊन चॅनलवर टाकलं. काकूंचं लगेच आलं : ‘घाईत आहेस. तुझी आई ओळीच्या मधे थांबते, रोप चिखलात खोचायला हात खाली जातो तेवढा वेळ. तू उभी राहून गातेस, म्हणून थांबत नाहीस.’

मी अंगणात गेले, बादलीत माती कालवली, वाकून एकेक काडी खोचत गायले. आईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला, पण गाणं बरोबर त्या जागी थांबत होतं. तेच पुन्हा रेकॉर्ड करून टाकलं. ते गाणं धावलं. गडचिरोली, भंडारा, पार छत्तीसगडातून लोक लिहायला लागले, आमची माय असंच म्हणायची. बाबांना नाटकवाले रस्त्यात थांबवून विचारायचे, पोट्टी तुमचीच का? सर मला फोनवर म्हणाले, “चैताली, आता तू माझ्या वर्गाचा चेहरा.”

काकूंनी आईला न ऐकता हे कसं ओळखलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, जाणकार आहेत.

त्याच आठवड्यात बाबांनी नागपूरच्या होस्टेलची माहिती काढून आणली. दहावीनंतर सायन्स, सोबत डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवले आणि मी छान म्हणाले. तोंड उघडायला शिकले होते, पण घरात, बाबांसमोर, ते एकच वाक्य निघत नव्हतं. मी काकूंना लिहिलं. सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर एरवीपेक्षा उशिरा आलं : ‘घाई नको बेटा. आधी आकडे वाढू दे. आकडे बोलले की बाप ऐकतो.’ मला ते जरा कोरडं वाटलं. पाय दुखत असेल, असं मी समजले.

शेवटच्या रविवारी सरांनी दुपारी मोठा कार्यक्रम ठेवला. सगळ्यांच्या घरच्यांना आमंत्रण, मी रोवणीचं गाणं प्रत्यक्ष गाणार. बाबा सरांना म्हणाले, जाहिरातीचं माझ्यावर सोडा. आणि त्यांनी खरंच वडसा पिंजून काढला. मी शाळेत बसलेली असायचे आणि खिडकीतून त्यांचा आवाज यायचा : “रसिक मायबाप हो, आपल्या वडशाची लेक, आपल्या मातीचा आवाज, कुमारी चैताली दोनाडकर, येत्या रविवारी दुपारी. येताना शेजाऱ्यालाही घेऊन या हो.” पोरं माझ्याकडे बघून हसायची. मी उठून वाकून नमस्कार करायचे.

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बाबा पुढच्या रांगेत इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, शेजारी आई, तिच्या मांडीवर पिशवी. कार्यक्रम झाला की वाटायला तिनं अनारसे आणले होते. निकिता स्टेजच्या कोपऱ्यात लॅपटॉपपाशी. मी तिला हात केला, ती खाली बघत होती.

सरांनी मला स्टेजवर बोलावलं, माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाले, “गाण्याआधी एक उधारी फेडायची आहे. पहिल्या दिवशी या मुलीनं विचारलं होतं, सर, तुमचं गाणं कुठलं? आज सांगतो. हे माझं गाणं.”

मागचा पडदा उजळला. त्यावर लाल जास्वंद होती.

मला आनंदानं काही सुचेना. काकू आल्या. मुलाला न सांगता, कुबड्या घेऊन, माझ्यासाठी उमरेडहून आल्या. मी दरवाजाकडे बघितलं, मग भिंतीकडच्या बायकांकडे, कुणाच्या पायाला प्लास्टर आहे का. मी आईला खुणेनं सांगितलंसुद्धा, काकू.

“एक श्रोता घडवताना,” सर पडद्यावरचं वाचत होते. “नवीन कलाकार गातो, कुणी ऐकत नाही, तो सोडून देतो. म्हणून मी त्याला एक श्रोता तयार करून देतो. नाव, गाव, वय, आजार. मोडलेला पाय आमच्या टीमनं ठरवला, कारण खाटेवरच्या माणसाला वेळ असतो.” लोक हसले. “आता बघा, एका श्रोत्यानं काय होतं.”

पुढचं चित्र आलं. तो माझा मेसेज होता. नावावर काळी पट्टी होती, पण मी स्टेजवर उभी होते, पट्टीचा काय उपयोग.

सरांनी मोठ्यानं वाचला. “‘काकू, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला गायचं आहे. बाबांनी होस्टेल बघून ठेवलंय. ते दिवसभर भोंग्यावर बोलतात आणि घरी येतात तेव्हा त्यांचा आवाज बसलेला असतो. त्या बसलेल्या आवाजात ते मला विचारतात, अभ्यास झाला का. मी हो म्हणते. त्यांना कसं सांगू?’” ते थांबले. “बसलेला आवाज. लिहून घ्या सगळ्यांनी. असं वाक्य पैसे देऊन लिहून मिळत नाही. बाप भोंग्यावर, मुलगी मोबाईलवर. ही गोष्ट आपण महाराष्ट्रभर नेणार आहोत.”

मी बाबांकडे बघितलं. बाबा पडद्याकडे बघत होते. ओठ हलत होते. हळूहळू, एकेक शब्द, ते पुन्हा वाचत होते.

“आणि या सगळ्यामागची खरी कलाकार,” सर म्हणाले. “प्रमिलाकाकू, उभ्या राहा.”

लॅपटॉपमागून निकिता उभी राहिली.

आधी लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. जोरात, खूप वेळ. मला पहिल्या दिवशी वाजवल्या होत्या तशाच. आफरीन खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तशीच राहिली होती.

“चल चैताली,” सर माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. “आता ते रोवणीचं. याच भावनेत.”

माईक चालू होता. मी बोलले ते भिंतीपर्यंत गेलं.

“सर, गाणं तुमचं आहे ना? मग तुम्हीच म्हणा.”

माईक टेबलावर ठेवला तेव्हा कर्णकर्कश आवाज आला. मी पायऱ्या उतरले, आईचा हात धरला आणि निघाले. बाबा मागून येत होते. ज्या लोकांना त्यांनी गल्लीगल्लीतून बोलावलं होतं, ते बाजूला सरकून आम्हाला वाट देत होते.

बाबा ऑटो काढायला गेले, तेवढ्यात निकिता धावत आली. चप्पल आतच राहिली होती तिची.

“चैतू, पहिल्या तीनच कमेंटी गृहपाठ होत्या. सरांनी तेवढंच सांगितलं होतं. बाकीच्या माझ्या आहेत, आईशप्पथ. ते एक आकड्यांचं सरांनी लिहायला लावलं. रोवणीचं माझं आहे. तुझ्या आईला मी कितीदा ऐकलं आहे, तुमच्या ओट्यावर बसून.”

“मग निकिता म्हणून का नाही लिहिलं?”

“निकिताचं तू कधी ऐकत होती वं? घाबरू नको, नक्कल करू नको, सगळं मी तुला तोंडावर सांगितलं होतं. तू म्हणायची, तुला सूर कुठे कळतो. काकूनं सांगितलं की लगेच करायची.”

ते खरं होतं आणि त्यामुळे मला जास्तच राग आला.

“मेसेज दाखवणार, हे तुला माहीत होतं?”

ती आपल्या अनवाणी पायांकडे बघायला लागली.

“निकिता. माझे बाबा समोर बसणार आहेत, हे माहीत होतं, आणि दाखवणार, हेही माहीत होतं?”

“नाव झाकणार म्हणाले होते.” मग, अगदी हळू, “टाळ्या माझ्यासाठी कधी कुणी वाजवल्या नाहीत, चैतू.”

ऑटो आला. मी बसले. ती अनवाणी तिथेच उभी होती, आणि त्यानंतर आम्ही एकाच बाकावरून दोन बाकांच्या अंतरावर गेलो, आजपर्यंत एकमेकींशी बोललेलो नाही. जास्वंदीचं ते खातं त्याच दिवशी बंद झालं. गंमत बघा, मला आठवण काकूंचीच येते.

बाबांनी निघताना भोंग्याच्या मशीनचं बटण बघितलं, बंद आहे ना म्हणून. थोडं पुढे जाऊन परत बघितलं. आईच्या मांडीवर अनारशांची पिशवी तशीच.

“म्हणजे त्या बाईचा पाय मोडलाच नव्हता,” आई म्हणाली. मग बाहेर बघत, “परक्या बाईला सांगितलंस. तीही मुळात नसलेल्या. मी घरातच होते की.”

रेल्वेचं फाटक बंद होतं. बाबांनी ऑटो थांबवला, इंजिन बंद केलं. ऊन उतरायला लागलं होतं. मागे दुचाक्या, ट्रॅक्टर, एक टेम्पो येऊन थांबले. मालगाडी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता.

“चैतू,” बाबा समोर बघत म्हणाले, “माझा आवाज एवढा बसते का वं?”

तेव्हा त्यांचा आवाज बसलेलाच होता. आठवडाभर त्यांनी माझंच नाव घेतलं होतं.

मला उत्तर द्यायचं होतं, पण मालगाडी आली. कोळशाच्या वाघिणी, एकामागून एक. ऑटोच्या काचा थरथरत होत्या आणि मी मनात वाक्य जुळवत होते. ते जुळलेलं आधीच होतं. पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, सगळ्या वडशानं वाचलेलं. तेच पुन्हा म्हणायचं, तर उसनं वाटत होतं, आणि माझं होतं.

शेवटचा डबा गेला. फाटक वर जायला लागलं. बाबांनी चावीला हात घातला.

“बाबा, गाडी चालू नका करू.”

मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला. बाबांनी हात चावीवरच ठेवला, पण फिरवली नाही. आरशातून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तिकडे जे वाचलं ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, म्हणून ते धरू नका. आता मी सांगते. आई, इकडे बघ.” मागे आणखी हॉर्न वाजायला लागले, म्हणून मी आवाज चढवला. “दहावीनंतर मी नागपूरला जाणार नाही. सायन्स घेणार नाही. इथेच आर्ट्सला नाव घालणार, आणि जो समोर बसून शिकवेल त्याच्याकडे गाणं शिकणार. रोवणीचं गाणं चॅनलवरून काढणार नाही, ते आईचं आहे. पुढचं गाणं आधी तुम्ही दोघं ऐकाल, मग बाकीचे. तुम्ही रागावा, दोन दिवस बोलू नका, चालेल. पण माझं ठरलं आहे, आणि हे मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे, असं समजा.”